विषाणू अंगात आला म्हणजे एड्स झाला असं नाही

हलका धान घरात आला असेल, भारी धानाची मळणी अजून चालू असेल. हात कामात असू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आजचा विषय निघाला की बैठकीत बाया पदर तोंडाला लावतात, नाहीतर एकमेकींकडे बघून गप्प होतात. विषय आहे एचआयव्ही आणि एड्स. १ डिसेंबरला जागतिक एड्स दिन असतो. १९८८ पासून तो जगभर पाळला जातो. त्या निमित्ताने गेल्या महिन्यात आम्ही गटांच्या बैठकांमध्ये एक रिकामा डबा फिरवला. नाव न लिहिता प्रश्न टाका, लिहिता येत नसेल तर आमच्या कानात सांगा, आम्ही लिहून टाकतो, असं सांगितलं. चिठ्ठ्या बऱ्याच निघाल्या. त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला: "एचआयव्ही झाला म्हणजे माणूस संपलाच ना?"

नाही, ताई, संपला नाही. हे 'नाही' आम्हाला स्वतःलाच फार उशिरा कळलं. म्हणून सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

दहाएक वर्षांमागची गोष्ट. आमच्या एका गटात एक ताई होती. तिचा नवरा बोअरवेलच्या गाडीवर कामाला जायचा, महिना-दोन महिने घरी नसायचा. तो खोकून खोकून गेला. टीबी झाला होता. दवाखान्यात तिचंही रक्त तपासलं आणि तिला एचआयव्ही निघाला. ती एसटीने गावात परत येईपर्यंत बातमी तिच्याआधी पोचली होती. पुढच्या बैठकीत सगळ्यांना स्टीलच्या कपात चहा आला, तिला कागदाच्या. आम्ही ते पाहिलं आणि काही बोललो नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात तिची बचत तिच्या हातात दिली आणि ठराव वहीत लिहिलं, "सदर सदस्य आजारी असल्यामुळे नाव कमी करण्यात येत आहे." अक्षर आमचंच आहे. ती वही आजही गटाच्या पेटीत आहे.

ती ताई त्या दिवशी आजारी नव्हती. आदल्या आठवड्यात तिने आमच्याबरोबर रोवणी केली होती. तिच्या अंगात एचआयव्ही होता, पण तिला एड्स झालेला नव्हता. हा फरक आम्हाला ठाऊक असता तर तो ठराव लिहिला गेला नसता. आज तोच फरक सांगायचा आहे.

एचआयव्ही हे एका विषाणूचं नाव आहे. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. २००८ साली त्यांना आणि ल्यूक माँतानिए यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. एड्स हे विषाणूचं नाव नाही. विषाणूने वर्षानुवर्षं शरीर पोखरल्यावर, औषध मिळालं नाही तर, शरीराची जी अवस्था होते तिला एड्स म्हणतात. पेरणी आणि कापणी यांच्यामध्ये जसे महिने असतात, तशी एचआयव्ही आणि एड्स यांच्यामध्ये वर्षं असतात. आपल्याला जे काही करायचं आहे ते त्या मधल्या वर्षांत करायचं आहे.

आता हा विषाणू आत जाऊन करतो काय? धान निसवला की आपल्याकडे रात्री जागलीला जातात. मचाणावर एक जण बसतो. रानडुकरांचा कळप आला की तो हाका देतो, डबा वाजवतो. मग आजूबाजूच्या बांधीतले लोक उठतात, कोणी काठी घेतं, कोणी टेंभा घेतं. मचाणावरचा माणूस एकटा कळपाला हाकलत नाही. पण त्याची हाक आली नाही तर बाकीचे झोपूनच राहतात.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. रोगजंतूंशी लढणं हे त्यांचं काम. त्यातल्या एका जातीच्या पेशी हाका देण्याचं काम करतात. जंतू आला की बाकीच्या पेशींना त्या उठवतात. त्यांना सीडी फोर पेशी म्हणतात. एचआयव्ही नेमका या हाका देणाऱ्या पेशीतच शिरतो. तिच्या अंगावर एक कडी असते, आणि विषाणूच्या अंगावरचे काटे त्या कडीत बरोबर बसतात. दार उघडलं की तो आत जातो.

आत गेल्यावर तो काय करतो, ते बचत गटाच्या बाईला चटकन समजेल. प्रत्येक पेशीत एक वही असते असं समजा. काय बनवायचं, कधी बनवायचं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. डॉक्टर त्या वहीला डीएनए म्हणतात. एचआयव्हीकडे अशी वही नसते, आरएनए नावाची एक चिठ्ठी असते, तीही वेगळ्या लिपीत. आत गेल्यावर तो ती चिठ्ठी आपल्या वहीच्या लिपीत उतरवतो आणि वहीच्या पानांत चिकटवून टाकतो. एखाद्या बाहेरच्याने आपल्या ठराव वहीत गुपचूप खोटा ठराव लिहून ठेवावा आणि पुढे सगळा गट तो खरा मानून राबावा, तसं होतं. पेशी वही उघडते आणि विषाणूच्या नकला बनवत बसते. औषध नसेल तर शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. ते बाहेर पडून दुसऱ्या सीडी फोर पेशींत शिरतात, आणि हाका देणाऱ्या पेशी मरत जातात.

पण शरीरही गप्प बसत नाही. ते नव्या पेशी बनवत राहतं. म्हणून हा खेळ एका दिवसात संपत नाही.

सुरुवातीला, विषाणू शिरल्यापासून दोन ते चार आठवड्यांत, काहींना ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ येतं. काहींना काहीच होत नाही. आपल्या भागात ताप आला की आधी मलेरियाच आठवतो, नाहीतर हवा बदलली म्हणतात. ताप उतरतो आणि विसरायला होतं. या दिवसांत रक्तात विषाणू फार जास्त असतो आणि दुसऱ्याला लागण व्हायची भीतीही फार असते. तपासणीत मात्र तो लगेच दिसेलच असं नाही. रक्तात खूण तयार व्हायला वेळ लागतो, कधी तीन महिन्यांपर्यंतही. म्हणून शंका असेल तर पहिली तपासणी चांगली निघाली तरी तीन महिन्यांनी पुन्हा करतात.

त्यानंतर येतात ती मधली वर्षं. औषध न घेता साधारण आठ ते दहा वर्षं, कोणाची कमी, कोणाची जास्त. माणूस धडधाकट दिसतो. तेंदूपाने तोडतो, मोहफूल वेचतो, लग्नात नाचतो. चेहऱ्यावरून कोणी ओळखू शकत नाही, डॉक्टरसुद्धा नाही. पण आत सीडी फोर पेशी हळूहळू कमी होत असतात, आणि त्या माणसाकडून दुसऱ्याला लागण होऊ शकते.

निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये, म्हणजे थेंबाच्याही लहानशा भागात, ५०० ते १५०० सीडी फोर पेशी असतात. त्या २०० च्या खाली गेल्या, किंवा काही ठरावीक मोठे आजार झाले, की डॉक्टर त्याला एड्स म्हणतात. आता मचाण रिकामं असतं. एरवी जे जंतू शरीराने सहज परतवले असते, तेच आत घुसून धुमाकूळ घालतात. आपल्या देशात त्यात सगळ्यांत पुढे असतो टीबी. टीबीचे जंतू कितीतरी लोकांच्या शरीरात नुसते झोपलेले असतात. पहारा गेला की ते जागे होतात. शिवाय तोंडात पांढरा थर येतो, महिना महिना हगवण थांबत नाही, नागीण उठते, वजन भराभर उतरतं, न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते. माणूस मरतो तो अशा आजारांनी. म्हणून टीबी निघालेल्या प्रत्येकाने एचआयव्हीची तपासणी करून घ्यायची असते, आणि एचआयव्ही असलेल्याने टीबीची.

आता दुसरी चिठ्ठी. "आमच्याकडे मच्छर फार. मच्छर चावून मलेरिया होतो, मग एचआयव्ही का नाही?"

प्रश्न हुशारीचा आहे. मलेरियाचा जंतू मच्छराच्या पोटात जगतो, वाढतो आणि मग त्याच्या लाळेत येतो. मच्छर चावतो तेव्हा रक्त ओढून घेतो आणि आपल्या अंगात लाळ सोडतो. आधी प्यालेलं रक्त तो आपल्यात ओतत नाही. एचआयव्ही मच्छराच्या पोटात वाढत नाही, तिथेच पचून जातो. म्हणून मलेरियासाठी मच्छरदाणी लावा, एचआयव्हीसाठी मच्छराला दोष देऊ नका.

तिसरी चिठ्ठी. "सिकलसेलसारखा हाही खानदानात चालत येतो का?"

नाही. सिकलसेल आईबापाच्या बीजातून येतो, जन्मापासून असतो आणि लागण होऊन होत नाही. एचआयव्ही खानदानात नसतो. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे तीनच वाटांनी जातो.

पहिली वाट, विषाणू असलेल्या माणसाशी कंडोमशिवाय शरीरसंबंध. आपल्या देशात सगळ्यांत जास्त लागण याच वाटेने होते. दुसरी वाट, विषाणू असलेलं रक्त किंवा तसल्या रक्ताची सुई. सुई लावून घेताना पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. तापात झोलाछाप डॉक्टर एकाच सुईने चार जणांना टोचत असेल तर तिथून उठा. जत्रेत मशीनवर गोंदवून घेताना नवी सुई मागा. सिकलसेलच्या लेकरांना पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागतं, ते परवाना असलेल्या रक्तपेढीचंच घ्या. तिथे प्रत्येक पिशवी तपासलेली असते. पैसे घेऊन रक्त विकायला १ जानेवारी १९९८ पासून आपल्या देशात बंदी आहे. तिसरी वाट, आईकडून लेकराला, पोटात असताना, बाळंतपणात किंवा दुधातून.

या तीन सोडून चौथी वाट नाही. एका ताटात जेवून, एका विहिरीचं पाणी भरून, हात धरून, लेकराचा मुका घेऊन, एका चुलीवरचा स्वयंपाक खाऊन, एका संडासात जाऊन एचआयव्ही होत नाही. शरीराबाहेर हा विषाणू फार कमजोर असतो. स्टीलच्या कपातून तो कोणाला होत नाही. तो कागदाचा कप आमच्या अडाणीपणाचा होता.

चौथी चिठ्ठी वाचून आम्ही थोडा वेळ थांबलो. "हा वाईट चालीच्या बायांचा रोग आहे. आपण घरंदाज बायांनी ऐकायचं कशाला?"

ही समजूत कुठून आली ते सांगतो. १९८६ साली चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी आपल्या देशात पहिल्यांदा एचआयव्ही शोधला. सुनीतीबाई मूळच्या मराठी घरातल्या, माहेरच्या गायतोंडे. ज्या बायांचं रक्त तपासलं त्या देहविक्रय करणाऱ्या होत्या. तपासणी तिथे केली म्हणून विषाणू तिथे सापडला. लोकांनी अर्थ काढला की तो त्यांचाच रोग. त्या बायांपर्यंत तो आणला कोणी, हे कोणी विचारलं नाही. सुनीतीबाईंनी पुढचं आयुष्य याच कामाला दिलं. त्यांच्याकडे येणाऱ्यांत आपल्या नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष न पाहिलेल्या बाया कितीतरी होत्या. घरंदाज बाईला लागण होते ती बहुतेक वेळा घरातूनच.

आपले दोन जिल्हे बघा. चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, ट्रकांची रांग. बाहेरची माणसं इथे येऊन राहतात. गडचिरोलीतून बाया-माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. घरापासून लांब राहून पोट भरणं हा काही गुन्हा नाही, आणि ट्रकवाला किंवा खाणीतला माणूस म्हणून कोणावर संशय घेणंही बरोबर नाही. पण लांब राहिलेलं माणूस घरी आलं की दोघांनी मिळून तपासणी करायला काय हरकत आहे? सिकलसेलची करतो, हीही करू.

बाईला या विषाणूचा धोका पुरुषापेक्षा जास्त असतो. आतल्या भागाचं अस्तर नाजूक आणि मोठं असतं, आणि पुरुषाचं वीर्य तिच्या अंगात जास्त वेळ राहतं. तिथे आधीच जखम, सूज किंवा गुप्तरोग असेल तर विषाणूला दार उघडंच सापडतं. इथे आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट सांगावीच लागेल. सर्च संस्थेच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. ते संशोधन १९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. १०० पैकी ९२ जणींना अंगावरचा कुठला ना कुठला आजार होता. त्याआधी तपासून उपचार घेतलेल्या १०० पैकी फक्त ८. आपल्या बायांनी किती सोसलं आणि किती लपवलं, ते साऱ्या जगाने वाचलं. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे गुप्तरोगच असं मुळीच नाही. पण घाण वास, खाज, फोड किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर दवाखान्यात दाखवा, आणि नवऱ्यालाही सोबत न्या. एकीनेच औषध घेतलं तर दुखणं फिरून येतं.

आता शेवटची चिठ्ठी. "झालाच तर पुढे काय? औषध आहे का?"

आहे, आणि ते फुकट आहे. आधी तपासणीचं सांगतो. सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी केंद्रात रक्त तपासतात. पैसे लागत नाहीत. तपासणीआधी तिथली समुपदेशक ताई तुमच्याशी बोलते, तुमची संमती घेते, आणि निकाल तुमच्याच हातात देते. एकदा निघाला म्हणून लगेच शिक्का मारत नाहीत, वेगवेगळ्या पद्धतीने तीन चाचण्या करून मगच सांगतात. प्रत्येक गरोदर बाईची ही तपासणी पहिल्या महिन्यांतच व्हायला हवी. घरात बसून विचारायचं असेल तर १०९७ हा फुकटचा फोन नंबर आहे. नाव सांगावं लागत नाही.

विषाणू निघाला तर एआरटी केंद्रातून गोळ्या मिळतात. १ एप्रिल २००४ पासून सरकार या गोळ्या फुकट देतं. सुरुवातीला पेशी फार कमी झाल्यावरच औषध सुरू करायचे. २०१७ पासून नियम बदलला. पेशी कितीही असोत, निघाला की लगेच औषध. सध्या बहुतेकांना रोजची एकच गोळी असते. तिच्यात तीन औषधं आहेत, टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर. पहिली दोन विषाणूला त्याची चिठ्ठी आपल्या लिपीत उतरवू देत नाहीत. तिसरं ती वहीत चिकटवू देत नाही. म्हणजे नव्या पेशींत खोटा ठराव लिहिलाच जात नाही. हाका देणाऱ्या पेशी पुन्हा वाढतात, मचाणावर पुन्हा माणूस बसतो.

आधीच चिकटलेल्या चिठ्ठ्या मात्र काही पेशींत तशाच राहतात. त्या पुसणारं औषध अजून नाही. म्हणून गोळी आयुष्यभर, रोज, ठरल्या वेळेला. बरं वाटतंय म्हणून सोडली, कामाला बाहेरगावी गेलो म्हणून चुकली, की विषाणू पुन्हा डोकं वर काढतो आणि त्या औषधाला सरावतो. मग तीच गोळी चालत नाही. तिरडीवरून उठवण्याचा दावा करणारी जडीबुटी कोणी विकायला आला तर त्याला परत पाठवा. पुजाऱ्याकडे मनाच्या समाधानासाठी जायचं तर जा, पण गोळी बंद करू नका.

नीट गोळ्या घेतल्या तर साधारण सहा महिन्यांत बहुतेकांच्या रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडतसुद्धा नाही. तो तसाच राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे जगभरच्या अभ्यासांनी पक्कं केलं आहे. पण विषाणू सापडत नाही म्हणजे तो गेला असं नाही. हे आपल्या मनाने ठरवायचं नाही, रक्त तपासून डॉक्टरांनीच सांगायला हवं.

आणि लेकराचं? काहीच उपचार नसतील तर अशा आयांच्या १०० लेकरांपैकी १५ ते ४५ लेकरांना लागण होते. आईने गोळ्या घेतल्या, बाळंतपण दवाखान्यात झालं आणि बाळालाही सुरुवातीचे आठवडे औषध दिलं, तर हा आकडा ५ च्या खाली येतो. दूध कसं आणि किती पाजायचं ते डॉक्टर सांगतील तसंच करायचं. बाळाची शेवटची पक्की तपासणी दीड वर्षाचं झाल्यावर होते. तोवर धीर धरायचा.

कायदाही आपल्या बाजूला आहे. २०१७ साली एचआयव्ही आणि एड्सबद्दलचा कायदा झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून कोणाला नोकरीवरून, शाळेतून, दवाखान्यातून काढता येत नाही. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. कोणाचा निकाल गावभर सांगता येत नाही. आणि हे नीट ऐका: एचआयव्ही असलेल्या बाईला ती राहते त्या घरातून हाकलता येत नाही. नवरा गेल्यावर सासरचे म्हणाले, चल नीघ, तर ते कायद्याविरुद्ध आहे.

आता गटाने काय करायचं ते सांगतो. आपल्याकडे सगळ्यांत मोठी अडचण अंतराची असते. सिरोंच्याहून गडचिरोलीला जायचं तर २०० किलोमीटरच्या वर रस्ता. एक दिवसाची मजुरी जाते, बसचं भाडं वेगळं. अशा वेळी गोळी चुकते ती भाड्यापायी. गटाच्या अंतर्गत कर्जातून दवाखान्याच्या भाड्याला पैसे द्या, आणि कशासाठी ते वहीत लिहू नका. "औषधपाणी" एवढं पुरे. जवळच्या दवाखान्यात गोळ्या मिळण्याची सोय आहे का, एकदम दोन-तीन महिन्यांच्या मिळतील का, हे आशाताईकडून किंवा केंद्रातून विचारून घ्या. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायला मदत करा. आणि एखादीने विश्वासाने काही सांगितलं तर ते आपल्या पोटात ठेवा. गटात पैशाचा हिशेब उघडा असावा, माणसाचं दुखणं नाही.

आमच्या त्या ताईचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. तिने गोळ्या सुरू केल्या. सासूला कळू नये म्हणून ती डबी धानाच्या ढोलीत लपवायची. एकदा ढोली रिकामी करताना डबी सासूच्याच हाती लागली. म्हातारीने काही विचारलं नाही, डबी देवळीत ठेवली आणि म्हणाली, "इथं ठेव, अंधारात विसरशील." ज्या बाईला अक्षर वाचता येत नाही, तिने आमच्याआधी बरोबर केलं.

दोन वर्षांनी आम्हाला आमची चूक कळली. एका शिबिरात समुपदेशक ताईंनी हेच सगळं समजावून सांगितलं, आणि परत येताना गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. तिने बसायला चटई टाकली, पाणी दिलं. आम्ही माफी मागितली. ती म्हणाली, "बचत परत भरते, पण मागच्या दोन वर्षांचं व्याज मागू नका." मग हसली. त्या महिन्यात ठराव वहीत आम्ही नवं पान लिहिलं, तिचं नाव परत घेतलं. जुनं पान फाडलं नाही. नवीन सहयोगिनी आली की ते पान आम्ही तिला वाचायला देतो. ताई आज गटात आहे, दर महिन्याला बचत भरते, रोवणीला सगळ्यांच्या पुढे असते. हे सगळं रेडिओवर सांगायची परवानगी तिनेच दिली आहे. एकच अट घातली, नाव घ्यायचं नाही.

तायांनो, विषाणू पेशीच्या वहीत जे लिहितो ते पुसणं अजून कोणाच्या हातात नाही. आपण आपल्या वहीत काय लिहायचं ते मात्र आपल्या हातात आहे. पुढच्या बैठकीत हा विषय काढा. आयसीटीसी केंद्र आपल्यापासून किती लांब आहे, ते आशाताईला विचारून सगळ्यांना सांगा. आणि चहा एकाच प्रकारच्या कपात द्या.

डबा अजून आमच्याकडेच आहे. आणखी प्रश्न असतील तर चिठ्ठी टाका, पुढच्या वेळी त्यांची उत्तरं देऊ. नमस्कार.